हजेरीचा डबा

कॉन्रॅड परेरा हसला की फर्डिनंड लोपीसच्या पोटात दुखायचं. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखर दुखायचं. बेंबीच्या वर, डाव्या बाजूला. त्याच्या बायकोनं, मेरीनं, ओव्याचं पाणी देऊन पाहिलं, डॉक्टरनं गोळ्या देऊन पाहिल्या. गुण काही येईना. येणार कसा? कॉन्रॅडनं हसायचं थांबवलं असतं तर आठवड्यात बरं वाटलं असतं.

आणि हसायला त्या माणसाला कारण तरी काय लागायचं? पाचूबंदरच्या कोळणी डोक्यावर टोपली असली तरी थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलणार. मिस्सा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्याभोवती पंधरा माणसं. फर्डिनंडभोवती कोण? एक म्हातारा प्लासिड, तोही बहिरा. लोक त्याला 'कॉन्रॅडभाऊ' म्हणायचे आणि फर्डिनंडला 'लोपीस साहेब'. साहेब म्हणतात यात मान आहे, असं फर्डिनंड स्वतःला समजवायचा. पण कानावर 'भाऊ' पडलं की अंगाचा नुसता तिळपापड. चौदा वर्षांत एकदा तरी कुणी 'फर्डिनंडभाऊ' म्हणावं की नाही? नाही म्हणजे नाही!

चौदा वर्षं म्हणजे कारखान्याची. वसईत सदुसष्ट साली 'किनारा बर्फ कारखाना लिमिटेड' उभा राहिला. कोळ्यांना मासळीसाठी बर्फ हवा होता, बागायतदारांना फुलं आणि चिकू ठेवायला थंड खोली हवी होती, म्हणून दोघांनी मिळून शेअर घेतले. जूचंद्रच्या काही मिठागरवाल्यांनीही घेतले. सगळे मिळून दोनशे बारा भागधारक. त्यांनी निवडून दिलेले पाच संचालक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता कारखान्याच्या माडीवर बसत. खाली बर्फाच्या लाद्या धाडधाड घसरत असत आणि वर फर्डिनंड इतिवृत्त लिहीत असे. मुंबईच्या फोर्टातल्या एका जहाज कंपनीत तो हेडक्लार्क होता, आता निवृत्त. कारखान्याच्या नोंदणीचे सगळे कागद त्यानंच केले होते. एकशे एकोणसत्तर बैठका झाल्या होत्या आणि फर्डिनंड लोपीसनं एकही चुकवली नव्हती. ताप असताना आला होता. सख्ख्या भाच्याच्या लग्नातून उठून आला होता.

आणि कॉन्रॅड? केळीची बाग, तोंडात गोड शब्द आणि संचालक होऊन पुरती तीन वर्षंही नाहीत. बैठकीला यायचा तो भज्यांचा पुडा घेऊन. पुढ्यात कागद ठेवला की न वाचता सही! एकदा फर्डिनंडनं मुद्दाम कागद उलटा ठेवला, तर या गृहस्थानं उलट्याच कागदावर सही ठोकली आणि वर म्हटलं, "काका, भजी गार होतायत, घ्या ना." अशा माणसाला लोक डोक्यावर घेऊन नाचतात, म्हणजे लोकांना झालंय तरी काय, असं फर्डिनंडला वाटायचं. सात बैठकांना हा माणूस गैरहजर. सात! फर्डिनंडनं प्रत्येक वेळी इतिवृत्तात लाल शाईनं लिहिलं होतं, 'श्री. परेरा विनापरवानगी गैरहजर.' लिहिताना पोटाला जरा बरं वाटायचं.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं, पण एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात अध्यक्ष व्हिन्सेंट डाबरे म्हणाले, "माझे डोळे गेले. सप्टेंबरच्या वार्षिक सभेनंतर मी या खुर्चीत बसणार नाही."

झालं! फर्डिनंडनं टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. ती खुर्ची, टेबलाच्या टोकाची, हातांची, त्यानं चौदा वर्षं बाजूच्या स्टुलावरून पाहिली होती. व्हिन्सेंटकाकांनंतर कोण, हा प्रश्न त्याच्या मते प्रश्नच नव्हता. पण त्याच बैठकीत दुसरे दोघे संचालक कॉन्रॅडकडे बघून हसले. कॉन्रॅडनं मान हलवली, "छे छे, मला कुठे जमणार!" पण ते म्हणताना तो हसला होता. फर्डिनंड घरी आला आणि जेवला नाही.

"काय झालं?" मेरीनं विचारलं.

"काही नाही."

"कॉन्रॅड हसला का?"

"त्याचं नाव घेऊ नकोस माझ्यासमोर."

मेरीनं ताट झाकून ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात ती बरंच काही झाकून ठेवायला शिकली होती.

तोडगा निघाला तो व्हिन्सेंटकाकांच्या पुतणीमुळे. इनेझ तिचं नाव. मुंबईच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. विषय असा, की कंपनी चालवणाऱ्या संचालकांना कशाचं मोल वाटतं आणि कंपनीच्या मालकांना, म्हणजे भागधारकांना, कशाचं. आणि ते मोजायचं कसं. "प्रश्नावली छापली तर निम्मे लोक वाचणार नाहीत आणि उरलेले मला बरं वाटावं म्हणून उत्तरं देतील," पुढच्या बैठकीला येऊन ती म्हणाली. "म्हणून मी वाल वापरणार."

"वाल?" फर्डिनंडला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"कडवे वाल. प्रत्येकाला वीस दाणे. समोर पाच डबे, एकेका डब्यावर चांगल्या संचालकाचा एकेक गुण. ज्याला जो गुण मोठा वाटतो त्या डब्यात त्यानं जास्त दाणे टाकायचे. वीसच दाणे आहेत म्हटल्यावर माणूस विचार करून टाकतो."

चार डबे तिचे ठरले होते: नफा वाटणारा, कागद वाचणारा, सरकारी ओळखी असणारा, तोंडावर खरं बोलणारा. पाचवा राहिला होता. फर्डिनंडच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. स्टुलावरून तो जवळजवळ उठलाच.

"हजेरी," तो म्हणाला. "पाचव्या डब्यावर लिहा, हजेरी लावणारा."

इनेझनं पेन थांबवलं. "हजेरी म्हणजे नक्की काय, लोपीस साहेब? जरा फोड करून लिहू या का?"

"हजेरी म्हणजे हजेरी. त्यात फोड कसली? शाळेतल्या पोराला कळतं."

"मलाही कळलं," कॉन्रॅड म्हणाला आणि भजी पुढे सरकवली. फर्डिनंडनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाढवाला कळत नाही की आपण कुठल्या खड्ड्यात उडी मारतोय, असं म्हणत तो मनातल्या मनात टाळ्या पिटत होता.

व्हिन्सेंटकाकांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की डब्यांचा निकाल वार्षिक सभेत वाचायचा, तो ऐकून लोकांनी दोन नावांवर हात वर करायचे आणि लोक सांगतील त्याला संचालकांनी अध्यक्ष करायचं. दोन नावं कुठली, हे सांगायची गरज पडली नाही.

ऑगस्टचे तीन रविवार इनेझ डबे घेऊन फिरली. एकदा चर्चच्या आवारात, एकदा पाचूबंदरला, एकदा जूचंद्रला. फर्डिनंड दुरून बघायचा. जवळ जायची बंदी होती, संचालकांनी भागधारकांवर दडपण आणू नये म्हणून. पण दाणा कुठल्या डब्यात पडतो हे आवाजावरून कळतं का, असा कान लावून तो उभा राहायचा. छे! बिस्किटांचे डबे सगळे एकाच आवाजाचे.

संचालकांनीही दाणे टाकले, एकेकटे, बंद खोलीत. फर्डिनंडनं दहा 'कागद वाचणारा'मध्ये टाकले आणि दहा 'हजेरी'त. टाकताना त्याला स्वतःचाच फोटो हार घातलेला दिसला. मेलेल्या माणसाचा नव्हे, अध्यक्षाचा.

मोजणी कारखान्याच्या माडीवर झाली. इनेझ मोजायची, फर्डिनंड लिहायचा. संचालकांचे जास्तीत जास्त दाणे 'सरकारी ओळखी'त निघाले, त्यामागून 'नफा'. भागधारकांचं गणित वेगळंच. ओळखीच्या डब्याचा तळ दिसत होता. नफ्यालाही फार नव्हते. आणि हजेरी? हजेरीचा डबा भरून दुसरा लावावा लागला होता! चार हजारांवर दाण्यांतले निम्म्याहून जास्त एका हजेरीत.

फर्डिनंडनं आकडा लिहिला. दोन हजार तीनशे दहा. दोन हजार तीनशे दहा वेळा वसईच्या लोकांनी सांगितलं होतं, की फर्डिनंड लोपीस, तू बैठक चुकवली नाहीस हे आम्ही पाहिलंय. चौदा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही त्यांनी, पण पाहत होते! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यानं खिडकीतून खाली थुंकल्याचं नाटक केलं.

"लोपीस साहेब," इनेझ म्हणाली, "दाणे टाकताना लोक काय काय बोलत होते ते मी टिपून घेतलंय. ही वही. सभेआधी एकदा वाचून बघा, आकड्यांपेक्षा ते महत्त्वाचं आहे."

"बघतो, बघतो," फर्डिनंड म्हणाला. आयुष्यात समोर आलेला कागद त्यानं न वाचता बाजूला ठेवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. त्याला दुसरं काम होतं. घरी जाऊन इतिवृत्ताची जाड वही काढली आणि लाल शाईच्या सात तारखा एका कोऱ्या कागदावर सुंदर अक्षरात उतरवून काढल्या.

सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, शाळेच्या दालनात, सकाळी दहाला. एरवी वार्षिक सभेला चाळीस माणसं यायची, तीही बटाटेवड्यासाठी. यंदा बाकं पुरेनात. डाव्या बाजूला बायका. त्यांच्यात मेरीही होती, कारण पाच शेअर तिच्या नावावर होते. फर्डिनंडनं कोट घातला होता. कॉन्रॅड बागेतूनच आल्यासारखा, बाह्या दुमडलेला. दारापासून व्यासपीठापर्यंत यायला त्याला दहा मिनिटं लागली, इतक्या लोकांनी त्याला थांबवलं. थांबवा, थांबवा, फर्डिनंड म्हणाला मनात. आजचा दिवस आहे तुमचा.

इनेझनं आकडे वाचले. "सर्वांत मोठा गुण, भागधारकांच्या मते: हजेरी." दालनभर माना हलल्या. बरोबर, बरोबर, असा गलका झाला.

फर्डिनंड उठला. घसा साफ केला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही जे मोजून सांगितलंत त्यापुढे मी काय बोलणार? तुम्हाला हजेरी हवी. मी फक्त नोंदी वाचतो. एकशे बहात्तर बैठका, फर्डिनंड लोपीस, हजर एकशे बहात्तर." तो थांबला. टाळ्यांसाठी थांबला. दोन-तीन ठिकाणी वाजल्या. "आणि श्रीयुत परेरा. माझ्या मनात कुणाविषयी काही नाही, पण नोंद ती नोंद. सात जुलै एकोणऐंशी. श्रीयुत परेरा विनापरवानगी गैरहजर."

शेवटच्या बाकावरून पाचूबंदरचा सॅन्टन तांडेल उभा राहिला. आडदांड गडी, आवाज होडीवरून होडीवर जाणारा.

"साहेब, त्या दिसाला माझा बा गेला व्हता. पावसाचं पानी दारात. पेटी उचलायला मानूस मिलंना. हा कॉन्रॅडभाऊ आला, पेटीला खांदा दिला नि चिखलातनं चर्चपातुर चालला. तो तर हजर व्हता! गैरहजर कोन बोलतं?"

फर्डिनंडला क्षणभर कळेचना हा काय बोलतोय. "सॅन्टन, मी बैठकीच्या हजेरीबद्दल बोलतोय."

"मंग आमी कशाबद्दल दाने टाकले?" सॅन्टननं आजूबाजूला पाहिलं. "हजेरी म्हंजे मयताला, लग्नाला, अडीनडीला मानूस हुबा ऱ्हातो ती हजेरी. माडीवरच्या मिटिंगला तुमी बसता का झोपता, आमाला काय ठावं?"

दालनात हशा पिकला. फर्डिनंडच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन हजार तीनशे दहा दाणे त्याच्या डोळ्यांसमोर डब्यातून उलटे उडाले आणि दुसऱ्याच्या अंगावर पडले. इथंच बसायला हवं होतं त्यानं. शहाण्या माणसानं कागद घडी करून खिशात घातला असता. पण मत्सरानं पेटलेला माणूस शहाणा कुठला? त्याला वाटलं, एक तारीख चुकली, सहा आहेत. सहाच्या सहा वेळा मयत नसणार ना!

"पाच जानेवारी ऐंशी," तो मोठ्यानं म्हणाला.

द्वारका राऊत उभी राहिली. पानवेलीची बाग करणारी विधवा, पदर सावरत, लाजतच. "माझ्या चंद्रकांतेला बघायला पाहुणे आले होते. घरात पुरुषमाणूस नाही, बोलणार कोण? कॉन्रॅडभाऊ येऊन बसले. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण पाहुण्यांना म्हणाले, मी मुलीचा मामा. लग्न ठरलं माझ्या पोरीचं."

"वाचा, साहेब, पुढची तारीख वाचा!" कुणीतरी ओरडलं. आता लोकांना चेव आला होता. फर्डिनंडनं थांबायचं म्हटलं असतं तरी त्यांनी थांबू दिलं नसतं. त्यानं वाचली. जूचंद्रचा जयराम उठला. मिठागराचा बांध फुटला व्हता, भरतीचं पानी आत घुसलं, हा मानूस कमरेइतक्या चिखलात हुबा राहून माती टाकत व्हता. पुढची वाचली. कुणाच्या तरी पोराला टायफॉइड. पुढची, जमिनीची मोजणी आणि भावाभावांची मारामारी. सहावीला तर तिघं एकदम उठले आणि आधी कोण बोलणार यावरून त्यांचीच जुंपली. कॉन्रॅड खाली मान घालून बसला होता. एकदा म्हणाला, "काका, जाऊ द्या ना आता." त्या 'जाऊ द्या'नं फर्डिनंडच्या काळजात सुई गेली. दया करतोय! माझ्यावर! हा उलट्या कागदावर सही करणारा!

"सातवी," तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "सात फेब्रुवारी एक्याऐंशी! महत्त्वाची बैठक. नव्या कॉम्प्रेसरचा निर्णय. श्रीयुत परेरा गैरहजर!"

कुणीच उठलं नाही.

फर्डिनंडनं वाट पाहिली. कोळ्यांच्या बाकांकडे पाहिलं, बागायतदारांकडे पाहिलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. कॉन्रॅड उलट जास्तच खाली वाकला, बुटाची नाडी बांधायला लागला. सापडला! फर्डिनंडच्या पोटातलं दुखणं कित्येक वर्षांनी एकदम थांबलं. "बोला," तो म्हणाला, आणि आता तो हसत होता. "बोला की! या दिवशी कुणाचं मयत होतं? की श्रीयुत परेरा घरी केळी खात बसले होते?"

डाव्या बाजूला बाक करकरलं. मेरी उभी होती.

"खाली बस," फर्डिनंड पुटपुटला. तिला बरं वाटत नसेल, असंच त्याला आधी वाटलं.

"माझे पाच शेअर आहेत," मेरी म्हणाली. "मी बोलू शकते ना, व्हिन्सेंटकाका?"

"बोल, बाई."

"सात फेब्रुवारीला मी मुंबईला हॉस्पिटलात होते. सोमवारी माझं ऑपरेशन होतं." ती कुणाकडे न बघता बोलत होती, समोरच्या भिंतीकडे. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त द्यायला दोन माणसं शनिवार संध्याकाळपर्यंत आणा, नाही तर ऑपरेशन पुढे जाईल. माझे यजमान म्हणाले, आज बैठक आहे, उद्या बघतो. ते दुपारी निघून आले. माझी बहीण क्लेमेंटीन इथं वसईच्या बाजारात रडत होती, ते कॉन्रॅडनं पाहिलं. तो एकाला घेऊन आला. दोघांनी रक्त दिलं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाकावर बसून राहिले. तो हजर होता. माझ्याजवळ होता."

दालनात आता कुणी हसत नव्हतं. सॅन्टनसुद्धा नाही.

फर्डिनंडला आठवलं. रविवारी तो हॉस्पिटलात गेला होता, दोन भाच्यांची नावं खिशात घेऊन, आणि नर्स म्हणाली होती, रक्ताची सोय झाली. त्याला वाटलं, क्लेमेंटीनच्या माणसांनी केली असेल. विचारलंसुद्धा नव्हतं. बरं झालं, एक काम कमी झालं, असं म्हणून त्यानं खुर्ची ओढली होती आणि मेरीला कॉम्प्रेसरचा निर्णय कसा झाला ते सविस्तर सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. दोनशे माणसं आहेत हे तो विसरला होता. "सात महिने! मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" मेरीनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं असतं की माझ्या अंगात कॉन्रॅडचं रक्त आहे, तर तुम्ही माझ्या हातचं जेवला असतात का?"

ती खाली बसली. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. फर्डिनंडला शरम वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, कान जळेपर्यंत वाटली. पण त्या शरमेच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी ठणकत होतं. खुर्ची जाऊ दे, कारखाना जाऊ दे. त्याची बायको आणि हा माणूस यांच्यात सात महिने एक गुपित होतं. ती दोघं चर्चच्या पायऱ्यांवर एकमेकांना 'कसं काय' म्हणायची तेव्हा दोघांना जे माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं. एवढा जळफळाट त्याला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

व्हिन्सेंटकाका उठले. म्हाताऱ्याला दिसत नसलं तरी कळत सगळं होतं. "हात वर करा आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. "फर्डिनंड, तू मोज. तुझी मोजणी कधी चुकत नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. फर्डिनंडनं पेन घेतलं.

"लोपीस साहेबांसाठी कोण?"

सुरुवातीला तर एकही हात वर आला नाही. मग बहिऱ्या प्लासिडचा आला, बाजूच्यानं त्याला कानात ओरडून सांगितल्यावर. मग इकडे एक, तिकडे दोन, जुन्या क्लार्क मंडळींचे. सात. आठ. नऊ. बायकांच्या बाजूला मेरीचा हात वर होता. सरळ, ताठ. दहा. फर्डिनंडनं तिच्याकडे न बघता तो मोजला.

आणि व्यासपीठावरच, त्याच्या उजव्या हाताला, अकरावा.

"खाली घे," फर्डिनंड दातओठ खात म्हणाला.

"का, काका?" कॉन्रॅडनं विचारलं. तो हसत नव्हता. "माझेही शेअर आहेत."

"मला तुझं मत नको. खाली घे म्हणतो ना!"

"मला कागद वाचता येत नाहीत, म्हणजे डोक्यात शिरत नाहीत. तुम्ही वाचता म्हणून मी सही करतो. उलटा कागद ठेवलात तरी करतो, कारण तो तुम्ही ठेवलेला असतो." त्यानं हात आणखी वर केला. "मी मयताला जातो तेव्हा कारखाना कोण बघतं, हे मला ठाऊक आहे. या लोकांना नाही. म्हणून तुम्हाला."

फर्डिनंडनं इतिवृत्ताच्या वहीकडे पाहिलं. दहा लिहिलं असतं तर चाललं असतं. दहा त्याचे होते. निदान नऊ तरी होते. कुणी तपासणार नव्हतं, आणि हरायचं तर दोन्ही आकड्यांनी हरायचंच होतं. त्यानं दहा लिहिलं. चौदा वर्षांत त्यानं त्या वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता आणि तोंडात शिवी घोळवतानाही त्याला तो तसा ठेवता येईना.

त्यानं दहा खोडलं आणि अकरा लिहिलं. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता कॉन्रॅडभाऊंसाठी कोण?"